कर्करोग संशोधनासाठी सायकलफेरी : रत्नागिरी ते गुहागर

प्रश्न (रत्नागिरीहून) : गेल्या वर्षी माझी आई कर्करोगाने गेली. तिच्या स्मरणार्थ मी संशोधननिधीच्या सायकलफेरीत नाव दिले आहे. मार्ग आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ आणि पुढे गुहागर असा आहे. पन्नाशीत, सवय नसताना, हे झेपेल का? आणि लोकांकडे पैसे कसे मागावेत?

उत्तर (गुहागरहून) : झेपेल, मात्र सराव सपाटीवर करू नका. हा रस्ता नकाशावर सरळ दिसत असला, तरी पुळणीपाशी उतरतो आणि लगेच जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) चढतो, त्यामुळे दमछाक अंतराने नव्हे, चढांनी होते. खाऱ्या हवेने साखळी गंजते आणि तेलावर तांबडी धूळ बसून ती करकरू लागते. म्हणून आधी फडक्याने पुसा, मगच तेलाचे थेंब सोडा.

उत्तर (दापोलीहून) : आईविषयी दोन ओळी लिहून पाठवा, एवढे पुरे. देणगी आपल्या खात्यात न घेता थेट संस्थेकडे जाऊ द्या. संस्थेला ८०जीची (देणगीवरील प्राप्तिकर सवलतीची) मान्यता असल्यास जुन्या करप्रणालीत वजावट मिळते, पण २,००० रुपयांवरील रोख देणगीला नाही. निधी उपचारांसाठी की संशोधनासाठी, हेही विचारून घ्या. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून रुग्णसेवा करते, तर त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र संशोधनाला वाहिलेले आहे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. आईच्या केमोथेरपीसाठी आम्ही परळलाच जात होतो. उद्या पहाटे आरे-वारेचा चढ चढून पाहते.