जुन्या गिटारची अदलाबदल करताना काय पाहावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
माझी स्टीलच्या तारांची यामाहा एफ 310 देऊन नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घेण्याचा विचार आहे. समोरचे गृहस्थ गावभागात राहतात आणि त्यांचे वाद्य 2019 च्या महापुराआधीचे आहे. नेमके काय तपासावे?

प्रतिसाद (मिरज):
महापुराचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण वाद्याला प्रत्यक्ष पाणी लागले नसले, तरी बंद घरातील दमटपणाने आतल्या पट्ट्यांचा सरस सुटतो आणि ब्रिजमागची (तारा जिथे बांधतात त्या लाकडी ठोकळ्यामागची) फळी फुगते. मोबाइलचा दिवा आत धरून पाहा. बोटाने हलके ठोकल्यावर खरखर आली, तर पट्टी सुटलेली समजा. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या काडीवर) जाड तार सुमारे 4 मिलिमीटर उंच असणे ठीक; 5 च्या वर असेल, तर मान वाकली आहे का ते पाहा. क्लासिकल गिटारमध्ये बहुधा ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली धातूची सळई) नसतो, त्यामुळे हा दोष चावी फिरवून जात नाही. (आमच्याकडचे सतारमेकर सुटलेली पट्टी चिकटवून देतीलही, पण मानेचे काम वेगळे.)

प्रतिसाद (सातारा):
त्या क्लासिकल गिटारवर पूर्वी कोणी स्टीलच्या तारा चढवल्या होत्या का, हेही विचारा. त्या ताणाने ब्रिज उखडतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. रविवारी दिवसाउजेडी पाहूनच ठरवतो.