'सर्वानुमते' आणि 'एकमताने' यांत फरक आहे का?

भाषांतरकार_सांगली: एका ग्रामसभेच्या इतिवृत्ताचं इंग्रजी भाषांतर करतेय. पाणीपट्टीवाढीच्या विषयाखाली 'चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर' असं आहे, पण त्याच्याच वर दोघा ग्रामस्थांची हरकत नोंदवलीय. कोशात 'सर्वानुमते' आणि 'एकमताने' दोन्हींना 'युनॅनिमस' हाच प्रतिशब्द. संपादक म्हणतात 'बहुमताने' धरा. मला मूळ बदलणं पटत नाही.

जुनी_पाटी: फरक आहे. एकमत म्हणजे सगळ्यांचं मत एक. सर्वानुमत म्हणजे सगळ्यांची अनुमती, आणि ती मत वेगळं असूनही देता येते. हरकत घेऊन शेवटी 'बरं, होऊ द्या' म्हणाले असतील तर सर्वानुमतेच.

निवृत्त_ग्रामसेवक: ताई, एवढा विचार करून कोणी लिहीत नाही. मी नोकरीभर प्रोसिडिंग लिहिलं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, खाली 'सर्वानुमते मंजूर'. हात मोजले तर 'बहुमताने' लिहायचं, आणि मग बाजूने किती, विरोधात किती हेही. तुमच्या कागदात आकडे नसतील तर बहुमत घालू नका.

माणदेशी_लेक: आमच्या गावात वही दारातच फिरते. बायका सही करून, कुणी अंगठा देऊन कडेला बसतात, निम्म्या स्वयंपाकाला परततात. ठराव नंतर ऑफिसात लिहिला जातो, त्या सह्यांच्या वर सोडलेल्या जागेत. त्यालाही सर्वानुमतेच म्हणतात! अनुमती कुणी विचारली होती?

धानोराकर: आमच्या गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. 'मावा नाटे मावा राज', म्हणजे गोंडीत 'आमच्या गावात आमचंच राज्य', म्हणणारं गाव. तिथे बहुमतावर निर्णय होत नाही. सगळे राजी होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीत जातो. त्याला सर्वसहमती म्हणतात. वहीतलं सवयीचं सर्वानुमते त्याच्या पंक्तीला बसवू नका.

शुद्धलेखक: मुळात प्रोसिडिंग कशाला, इतिवृत्त आहे ना? कोरमला गणपूर्ती, तहकूबला स्थगित. सावरकरांचा 'महापौर' रुळला, तसे हेही रुळतील.

निवृत्त_ग्रामसेवक: तहकूबला हात लावू नका! ग्रामसभेचा कोरम म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100, यांत कमी असेल ती संख्या. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब. मग त्या तहकूब सभेला कोरम लागत नाही, विषय मात्र आधीचेच. 'सभा स्थगित' अशी दवंडी दिलीत तर लोकांना वाटेल कोर्टातून स्थगिती आली.

पालखीवाला_रत्नागिरी: आमच्याकडे शिमग्याच्या पालखीचं गावकीत ठरतं, मानकऱ्यांसमोर. तिथे ठराव नाही, सूचक नाही, नुसतं 'ठरलं'. आणि 'माझी पंचाईत झाली' हे पंचायतीवरूनच ना? आजोबा सांगायचे, पंचांपुढे उभं राहावं लागणं म्हणजेच पंचाईत.

जुनी_पाटी: आजोबांचं बरोबर वाटतं. निवाडा होईपर्यंत माणूस अधांतरी, म्हणून अडचण हा अर्थ.

शुद्धलेखक: विषय भरकटतोय. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना पर्याय म्हणूनच. तहकूबचं प्रेम सोडा.

पालखीवाला_रत्नागिरी: मग 'मंजूर'चं काय करता? तोही फारसीतूनच आलाय. 'सर्वानुमते मंजूर' यातलं अर्धं खोडणार का?

शुद्धलेखक: हो. 'संमत' लिहा.

निवृत्त_ग्रामसेवक: 'संमत' लिहिलेला ठराव पंचायत समितीत पाठवून बघा. 'मंजूर की नामंजूर ते स्पष्ट कळवा' असं पत्र येईल.

भाषांतरकार_सांगली: त्या दोन हरकतींचं मात्र अजून कोणी सांगितलं नाही. तूर्त 'सर्वांच्या संमतीने' अशा अर्थाचे शब्द घालतेय आणि हरकती जशाच्या तशा ठेवतेय. माणदेशी ताई, तुमच्याकडे हरकत नोंदवतात तरी का?

माणदेशी_लेक: तोंडी घेतलेली नाही. लेखी दिली आणि पोच मागितली तरच.