मदत हवी आहे: डेक्सामेथासोननंतर वाढलेला एलवन सिग्नल खरा धरायचा का?

नमस्कार मंडळी,

ताणाच्या संप्रेरकांचा जीनोममधल्या ट्रान्सपोझॉनवर (जागा बदलू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर, उदा. एलवन) काय परिणाम होतो, यावर माझं पीएचडीचं काम चालू आहे. क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजायची पद्धत) आणि आरएनए सीक्वेन्सिंग रोज हाताळणारे इथे बरेच आहात, म्हणून विचारतेय.

२०१२ साली हंटर, मॅकइवेन आणि फाफ यांनी रॅटवर दाखवलं होतं की अचानक ताण आला की हिप्पोकॅम्पसमध्ये हिस्टोन एचथ्रीच्या के-नाइनवरचं त्रिमिथिलेशन (डीएनए गप्प ठेवणारी रासायनिक खूण) वाढतं आणि बी-टू साइन, आयएपी असे रेट्रोट्रान्सपोझॉन (आरएनएमार्फत आपली प्रत बनवणारे ट्रान्सपोझॉन) दाबले जातात. तोच ताण पुन्हा पुन्हा दिला की हा प्रतिसाद ओसरतो. ताणाखाली पेशी आपला जीनोम सांभाळते, ही कल्पना मला फार भावते. माझ्याकडे मात्र उलटंच दिसतंय.

ए५४९ या माणसाच्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींना डेक्सामेथासोन (ताणाच्या संप्रेरकासारखं कृत्रिम स्टेरॉइड) देते, कंट्रोलला नुसतं इथेनॉल. साध्या सीरममध्ये मुळातच स्टेरॉइड असतात, म्हणून चारकोल-स्ट्रिप्ड (चारकोलने स्टेरॉइड काढलेलं) वापरते. एफकेबीपी५ (स्टेरॉइडने चालू होणारं जनुक) छान वर जातो, म्हणजे स्टेरॉइडचा रिसेप्टर जागा आहे. पण एलवनच्या ओआरएफ-टूचा (प्रथिनाचा कोड असलेल्या भागाचा) सीटीही (सिग्नल दिसायला लागलेल्या सायकली; कमी म्हणजे आरएनए जास्त) साधारण एकाने खाली येतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट वाढ!

गाइडचा आक्षेप नो-आरटी कंट्रोलवर (आरएनएचं डीएनए करणारं एन्झाइम न घातलेल्या नमुन्यावर) आहे. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) दोनदा करूनही त्यात सीटी २१ च्या आसपास येतो, आरटी नमुन्यात १५. जीएपीडीएच या नेहमीच्या संदर्भ जनुकाचा नो-आरटी मात्र कोरा. माणसाच्या जीनोमचा सुमारे १७ टक्के भाग एलवनचा, प्रती पाच लाखांच्या घरात, त्यामुळे डीएनएचा अंश उरला तरी तो दिसणारच. पण सहा सायकलचा फरक म्हणजे ६४ पट. डीएनएचा वाटा दीड-दोन टक्के, त्यातून दुप्पट वाढ निघत नाही. हे गणित बरोबर आहे ना?

मला खरी धास्ती वेगळीच आहे. डेक्सामेथासोनने शेकडो जनुकं चालू होतात, त्यांच्या इंट्रॉनमध्ये एलवनचे तुटके तुकडे पडलेले असतात, आणि रँडम हेक्सामर (कुठल्याही आरएनएला चिकटणारे छोटे प्रायमर) त्या प्री-एमआरएनएचंही (इंट्रॉन अजून न कापलेल्या आरएनएचंही) सीडीएनए, म्हणजे डीएनए प्रत, बनवतात. मग मी मोजतेय ते एलवनचं स्वतःचं ट्रान्सक्रिप्शन की शेजारच्या जनुकाचं?

बहुतेक प्रती पाच-प्राइम बाजूने छाटलेल्या असल्यामुळे प्रायमर पाच-प्राइम यूटीआरवर (सुरुवातीच्या, प्रथिनाचा कोड नसलेल्या भागावर) घ्यावेत असं वाटतंय. पण तिथे अँटीसेन्स प्रमोटरही (उलट दिशेने ट्रान्सक्रिप्शन सुरू करणारा) आहे, म्हणजे स्ट्रँड-स्पेसिफिक (एकाच दिशेचा आरएनए धरणारं) आरटी आलंच. कुणी केलंय का? की आधी केंद्रक आणि सायटोप्लाझम वेगळे करून फक्त सायटोप्लाझमचा आरएनए मोजू, कारण प्री-एमआरएनए केंद्रकात असतो? सीक्वेन्सिंगला पैसे एकदाच मिळणार आहेत, तेव्हा टीई-ट्रान्सक्रिप्ट्ससारख्या साधनाने कुटुंबाच्या पातळीवर मोजणं पुरेसं आहे, की प्रत्येक प्रत वेगळी ओळखायला लांब रीडच (सलग वाचलेले लांब अनुक्रम) लागतील?

ए५४९ सोडून दुसऱ्या पेशी सुचवणार असाल तर कारणही लिहा, गाइडना पटवावं लागेल. आगाऊ आभार.