साठच्या वर गेलं की पुढून घूं घूं

प्रश्न: लातूरहून औशाला जाताना साठच्या वर गेलं की पुढून घूं घूं आवाज यायलाय. जुनी स्विफ्ट, ९२,००० किमी. टायर बदलले, पैसे गेले, आवाज तिथंच. चाकाचं बेअरिंग (चाक ज्यावर गरगर फिरतं ते) गेलं असंल का?

उत्तर: स्टिअरिंग डावीकडं वळवल्यावर वाढतो का? मग बहुतेक उजव्या चाकाचं. भार बाहेरच्या चाकावर येतो. जॅकवर उचला, चाकामागच्या स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवा, खरखर बोटांना कळते.

उत्तर: नवं बेअरिंग हातोड्यानं ठोकू देऊ नका भौ! माझं परभणीत तसंच बसवलं, दोन महिन्यांत परत घूं घूं. प्रेसवरच (दाबून बसवायचं मशीन) बसवा, अन् दाब बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर. ॲक्सलचा नट नवा घ्या.

प्रश्नकर्ता: उजवंच निघालं राव. जुनं हातात फिरवलं तर वाळू भरल्यागत वाजायलंय. टायरचे पैसे मात्र बायको रोज काढायलीय.