अल्काँ वाजवायला घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी?

मंद्रस्वर
शार्ल-व्हॅलेंताँ अल्काँ (१८१३–१८८८) याचं एकल पियानोचं संगीत आता वाजवायला घ्यायचं आहे. ओपस ३९ ची पानं चाळली आणि हात टेकले. शोपँची नॉक्टर्न (संथ, गाण्यासारख्या रचना) बसली आहेत, एत्यूद (तंत्राचा कस लावणाऱ्या रचना) अजून नाहीत. एवढ्या तयारीवर अल्काँचं काय झेपेल? नोटेशन कुठलं घ्यावं? आणि शोपँच्या शेजारी राहणारा, त्याच्या तोडीचा वादक असा विस्मरणात कसा गेला?

पाचवंबोट
ओपस ३९ सध्या बाजूला ठेवा. त्यातल्या ८, ९, १० या एत्यूद मिळून एकट्या पियानोसाठीचा कॉन्चेर्तो होतो. नुसत्या पहिल्या भागात तेराशेहून जास्त बार (तालाची आवर्तनं) आहेत, तो वाजायला अर्धा तास लागतो. 'आगगाडी' (ओपस २७, १८४४) सुद्धा नको. त्यावर मिनिटाला ११२ मिनिम (दोन मात्रांचे सूर) अशी लय छापली आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास पंधरा सूर.

ओपस ६३, 'एस्कीस' (१८६१) घ्या. बाराबाराचे चार संच, एकूण ४८ रचना, शेवटी बिनक्रमांकाची 'लाउस देओ'. बऱ्याचशा पान-दोन पानांत संपतात. क्रमांक २ (स्ताकातिसिमो, सूर तोडून तोडून) आणि ३ (लेगातिसिमो, सूर सलग जोडून) जोडीनं बसवा. लेगातिसिमो आधी पेडलला पाय न लावता वाजवा, म्हणजे सूर कुठे तुटतोय ते लगेच कळतं. क्रमांक ४५, 'छोटे सैतान', मध्ये शेजारशेजारच्या सुरांचे झुबके एकदम दाबायचे आहेत, तेही १८६१ साली!

मग ओपस ३१ मधला आठवा प्रेल्यूद (छोटी रचना), 'समुद्रकाठच्या वेडीचं गाणं'. ए फ्लॅट मायनर, म्हणजे सात फ्लॅट, पण बोटांना फारसं काम नाही. अवघड आहे तो आवाज. डाव्या हाताचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) अगदी तळाच्या सप्तकात, उजव्या हाताची धून पार वर, आणि मधे काहीच नाही. चिखल होतो तो तळाशी. आजच्या ग्रँडचा बास अल्काँच्या एरार पियानोपेक्षा बराच जाड असतो, त्यामुळे चारही बोटं सारख्याच वजनानं पडली की नुसती घरघर ऐकू येते. कॉर्डमधल्या सगळ्यात वरच्या सुरावर थोडं जास्त वजन द्या, खालचे सूर पट्टी जेमतेम तळाला जाईल इतकेच दाबा. पेडल कॉर्डबरोबर नाही, कॉर्ड वाजल्यानंतर क्षणभरानं बदला. डावा हात दहा मिनिटं एकटाच वाजवा, स्वच्छ ऐकू येईपर्यंत उजवा जोडू नका.

तालपक्का
वरच्याशी सहमत, फक्त एक भर. शोपँवरून येणाऱ्यांचा अल्काँ बहुतेक वेळा लयीत फसतो. शोपँची सैल लय इथे आणली की रचना ढासळते, कारण तिचा सगळा ताण न हलणाऱ्या ठोक्यावर उभा असतो. 'इसापची मेजवानी' (ओपस ३९ क्र. १२) बघा: आठ बारांची छोटी धून आणि तिची २५ रूपं. प्रत्येक रूपाला वेगळी लय दिली की सुट्या तुकड्यांची रांग उरते. मेट्रोनोम लावून आधी फक्त धून आणि पहिली चार रूपं जोडा. पूर्ण रचना झेपायला वेळ लागेल, पण एवढा तुकडा सरावाला उत्तम.

ओपस ३९ पूर्णच टाळा म्हणणं मात्र मला पटत नाही. पाचवी एत्यूद, म्हणजे त्यातल्याच एकट्या पियानोसाठीच्या 'सिंफनी'तला शोकमार्च, संथ आहे. शोपँ नीट वाजवणारा तो काही महिन्यांत बसवू शकतो.

जुनीपानं
नोटेशनबद्दल: अल्काँच्या रचना कॉपीराइटमुक्त आहेत, आयएमएसएलपी या मोफत नोटेशनच्या संकेतस्थळावर स्कॅन मिळतात. ओपस ३९ साठी १८५७ ची रिशो या प्रकाशकाची मूळ आवृत्ती आणि देलाबोर्द-फिलिप यांनी संपादित केलेली नंतरची, दोन्ही शेजारी ठेवा. (देलाबोर्द हा अल्काँचाच मुलगा असं सर्रास मानलं जातं.) विचित्र शार्प-फ्लॅट दिसला तर छपाईची चूक समजून लगेच 'दुरुस्त' करू नका. ओपस ३३ च्या सोनाटाच्या दुसऱ्या भागात चक्क ट्रिपल शार्प (सूर तीन अर्धस्वर वर नेणारी खूण) आहे, आणि तो मुद्दाम घातलेला आहे.

विस्मरणाबद्दल: १८४८ मध्ये पॅरिस कॉन्झर्व्हातॉर या संगीतविद्यालयातली पियानोविभागाची जागा त्याच्याऐवजी मार्मोंतेलला मिळाली. १८५३ नंतर तो जवळपास वीस वर्षं मैफलींपासून दूर राहिला आणि थेट १८७३ मध्ये एरारच्या दालनात परतला. वाद्यवृंदाच्या सिंफनी, ऑपेरा असं इतरांनी उचलून धरावं असं काही फार मागे नव्हतं, आणि पियानोचं जे होतं ते वाजवायला माणसं नव्हती. पियानोवादक बुसोनीनं ते वाजवलं, पण खरी हालचाल १९६० नंतर, रेमंड लेवेंथाल आणि रोनाल्ड स्मिथ या वादकांमुळे झाली. पुस्तकांचं कपाट अंगावर पडून तो मेला ही मात्र दंतकथा.

ऐकायला 'एस्कीस'साठी पियानोवादक स्टीव्हन ऑस्बोर्न, मोठ्या रचनांसाठी मार्क-आंद्रे आमलाँ. आमलाँच्या वेगाशी स्वतःची तुलना करू नका, त्यानं डावा हात कुठे हलका ठेवलाय ते ऐका.

मंद्रस्वर
मग एस्कीस २-३ आणि आठवा प्रेल्यूद. प्रेल्यूदच्या मधल्या भागात धून वेग घेते, तिथे पेडल किती वेळा बदलायचं?

पाचवंबोट
प्रत्येक कॉर्डला, पण अर्धंच. पूर्ण उचललंत तर वरची धून एकदम कोरडी पडते.