फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ काढावीच लागते का?

प्रश्न: माझ्या २२ वर्षांच्या बहिणीच्या स्तनात दोन सेंटिमीटरची, न दुखणारी, बोटांखाली सरकणारी गाठ असून सोनोग्राफीत फायब्रोअ‍ॅडिनोमा असे निदान झाले आहे. शस्त्रक्रिया अटळ आहे का?

उत्तर १: नाही. दुग्धग्रंथींच्या खंडिकांपासून बनणारी ही गाठ कर्करोगाची नसते. सुईने घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीतही हेच निदान आले, तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करणे बहुधा पुरेसे ठरते. लग्नाआधी ‘काढूनच टाका’ हा नातेवाइकांचा आग्रह वैद्यकीय कारण नव्हे.

उत्तर २: मात्र गाठ भराभर वाढली तर ती काढावी, कारण फायलोड्स ही स्तनातली दुर्मिळ, सहसा वेगाने वाढणारी व क्वचित कर्करोगाची ठरणारी गाठ सुरुवातीला अशीच भासते आणि ती काढताना भोवतालच्या निरोगी ऊतींचा काठही घ्यावा लागतो. साध्या गाठीसाठी स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छेद घेतल्यास व्रण फारसा दिसत नाही.