मध्यम आकाराची सेडान, नवी की वापरलेली? तुमचं कशावर ठरलं ते लिहा

गाडी घ्यायची म्हटलं की आकड्यांना तोटा नसतो. हॉर्सपॉवर, अ‍ॅव्हरेज, स्क्रीन किती इंची, सगळं मिळतं. पण घरची माणसं बसवून चार-सहा वर्षं चालवल्यावर गाडीचं खरं काय ते कळतं, आणि ज्यांना ते कळलंय त्यांनीच सांगावं म्हणून हा धागा काढते आहे. कुठली गाडी घेतली यापेक्षा कशावर ठरलं ते लिहा. दोन ओळी चालतील, दोन पानंही चालतील. आलेली उत्तरं खाली * करून वेगवेगळी लावली आहेत.

सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे ठरलं ते सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. उंच गाडीत चढवत नाही, फार खोल सीटवरून उठवत नाही, म्हणून सेडान आणि तीही पारखून. प्रत्येक गाडी बघायला त्यांना बरोबर नेलं. आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा, ही त्यांची पद्धत. त्यांना तसं बसताना बघितलं तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच नव्या सेडानचं छप्पर मागे उतरत जातं. हवेचा अडथळा कमी होतो, इंधन वाचतं, हे खरंच आहे. पण मागच्या दाराची वरची कड त्याने खाली येते आणि मान वाकवणं, कंबर वळवणं, गुडघा दुमडणं हे तिन्ही एकदम करावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गाडी छान आहे, पण रोज नाही जमायचं." त्याच मॉडेलच्या आधीच्या पिढीत दार जवळजवळ चौकोनी होतं आणि सीट बोटभर उंच. आम्ही वापरलेली गाडी घेतली ती त्या दारासाठी. पैसे वाचले हे पुढचं.

आणखी एक सांगते. मागच्या सीटवर बसलात की मांडीखाली हात घालून बघा. तळ वर आणि सीट खाली असली की गुडघे वर येतात, मांडी अधांतरी राहते आणि सगळा भार कंबरेवर येतो. या आकाराच्या गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, थोड्याफार फरकाने सारखाच असतो. होंडा अकॉर्डचा 2830 मिलिमीटर, टोयोटा कॅमरीचा 2825. त्यामुळे गुडघ्यांपुढे जागा मिळतेच. मांडीला आधार किती, हे मात्र बसल्याशिवाय कळत नाही.

*

आमची जुळी आहेत आणि त्यांच्यावर एक मोठी मुलगी. म्हणजे मागे दोन चाइल्ड सीट आणि मधे ताई.

आम्ही दोन्ही चाइल्ड सीट घेऊनच गाड्या बघायला जायचो आणि लावून दाखवा म्हणायचो. आयसोफिक्सचं, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीतल्या हुकांना अडकवायच्या पद्धतीचं, मानक 1999 मध्ये आलं, त्यामुळे आता हूक बहुतेक गाड्यांत असतात. पण ते किती आत असतात हे महत्त्वाचं. एका गाडीत गादीच्या फटीत मनगटापर्यंत हात घालावा लागत होता. दुसरीत प्लॅस्टिकचं छोटं झाकण उघडलं की हूक समोर. ज्या घरात सीट वरचेवर काढावी-लावावी लागते तिथे याला फार किंमत आहे.

मागे तोंड करून बसवायची सीट बरीच तिरकी राहते आणि पुढच्या सीटला जाऊन टेकते. म्हणून ती लावल्यावर घरातल्या सर्वांत उंच माणसाला पुढे बसवा. माझ्या नवऱ्याचे गुडघे एका गाडीत थेट डॅशबोर्डला लागले. ती तिथेच बाद झाली. मधल्या जागेचंही बघा. दोन सीट लावल्यावर मधल्या बेल्टचं बक्कल त्यांच्याखाली दबतं आणि मोठ्या मुलाला ते स्वतःचं स्वतः लावता येत नाही. आमच्या ताईने प्रत्येक गाडीत स्वतः बेल्ट लावून बघितला आणि जिथे जमलं तीच गाडी आम्ही घेतली.

नवीच घेतली, सुरक्षिततेसाठी. गाड्या आदळवून बघून त्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपच्या चाचण्या 1997 पासून होत आहेत आणि दर काही वर्षांनी त्या कडक केल्या जातात. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या पाच ताऱ्यांची आजच्या पाच ताऱ्यांशी तुलना करता येत नाही. तारे बघताना शेजारी छापलेलं वर्षही बघा.

*

डिकीबद्दल थोडंसं. लिटरचा आकडा बघून ठरवू नका. एक प्रचलित पद्धत अशी की 200 × 100 × 50 मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचून डिकी मोजतात. ते ठोकळे कानाकोपऱ्यात बसतात. माझ्या बाबांची घडीची व्हीलचेअर बसत नाही. सेडानच्या डिकीचं तोंड अरुंद असतं, शिवाय झाकणाच्या बिजागऱ्यांच्या वाकड्या दांड्या बंद करताना आत उतरतात आणि सामानावर दाबतात. व्हीलचेअर घेऊन गेलो, प्रत्येक डिकीत ठेवली, झाकण लावून बघितलं. शेवटी स्कोडा ऑक्टाव्हिया घेतली. दिसायला सेडान, पण मागची काच झाकणाबरोबर उघडते. चाकं न काढता खुर्ची आत जाते. ज्यांच्या घरात व्हीलचेअर, प्रॅम किंवा मोठं वाद्य आहे त्यांनी हा प्रकार जरूर बघावा.

*

माझं गॅरेज आहे. वापरलेली गाडी घेण्याआधी लोक दाखवायला आणतात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

गाडी थंड असताना बघा. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा, एवढा वेळ काढाच. थंड इंजिन चालू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत जे ऐकू येतं ते नंतर ऐकू येत नाही. तेल वर चढेपर्यंत सैल झालेली टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, खडखडते. व्हॉल्व्हची सील गेली असतील तर सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक भपका येतो आणि लगेच नाहीसा होतो. गरम केलेल्या इंजिनात यातलं काहीच सापडत नाही.

दुसरं, स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र. इंजिनचा दिवा लागत असेल तर काही विक्रेते तो पुसून गाडी दाखवायला आणतात. दिवा विझतो, पण गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या ज्या तपासण्या पूर्ण केलेल्या असतात त्यांची नोंदही सोबत पुसली जाते. स्कॅनरवर 'रेडिनेस' म्हणून एक पान असतं. तिथे बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या तर समजा, मेमरी नुकतीच पुसली आहे किंवा बॅटरी काढली होती. बॅटरी बदलली असेल तर तशी पावती असते, ती मागा. नसेल तर काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवून पुन्हा दाखवा म्हणायचं. साधा स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि मोबाइलला जोडता येतो, त्यामुळे हे काम घरच्या घरीही होतं.

पत्र्याचं म्हणाल तर बोनेटच्या आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टच्या डोक्यावर रंग अखंड असतो. पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो. दाराचं रबरी बीडिंग ओढून त्याखाली रंगाची कड दिसते का तेही बघा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर कंपनीचा रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन भरतो. पोचा बुजवायला लांबी (पुट्टी) भरली असेल तर आकडा कित्येक पटींनी वर जातो. एका दाराला पुन्हा रंग दिलेला असला म्हणून गाडी वाईट होत नाही. छपराला आणि खांबांना रंग दिलेला असेल तर मात्र तिथून निघा.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखायला मी आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. गाडी धुतात, गाद्या बदलतात, सुगंधी फवारा मारतात, पण बेल्टची गुंडाळी कोणी उलगडून धूत नाही. मागे एक गाडी आली होती, बाहेरून डागसुद्धा नाही. बेल्ट ओढत गेलो तर आतल्या शेवटच्या वितीवर आडवी तपकिरी रेघ, आणि तिच्यापुढचा पट्टा हाताला कडक लागत होता. मग स्टेपनीच्या खोबणीत बोट फिरवलं तर बारीक गाळ. ज्या घरातल्यांनी ती आणली होती त्यांच्या घरात तान्हं मूल होतं. अशा गाडीत एअरबॅगच्या वायरिंगचे जोड आतून गंजत जातात आणि ऐन वेळी काय होईल याची खात्री उरत नाही. हे मी त्यांना बसवून सांगितलं. त्यांनी ती सोडली, याचं मला आजही समाधान आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 3521 म्हणजे 2021 सालचा 35 वा आठवडा. मीटर कमी किलोमीटर दाखवतोय आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसतायत, तर प्रश्न विचारायला हवा. ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड किती झिजली आहे, तेही मीटरशी ताडून बघा.

*

वरच्या गॅरेजवाल्या दादांचं लिहिणं जपून ठेवलं आहे. त्यात एकच भर घालते. इंजिनला टायमिंग बेल्ट आहे की चेन, ते आधी विचारा. बेल्ट असेल तर तो कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना बदलावाच लागतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. मला आवडलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचा मालक तोंडी म्हणत होता, बदललाय. दुसरीच्या मालकीणबाईंनी फाइलच पुढ्यात ठेवली, त्यात बेल्टबरोबर वॉटर पंप बदलल्याचंही बिल होतं. तिच्या गाडीचे किलोमीटर जास्त होते. मी तीच घेतली.

*

मी नवीच घेतो आणि बरीच वर्षं ठेवतो. नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत जास्त उतरते, हे सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे. पण तो तोटा विकणाऱ्याच्या खिशाला बसतो. जो गाडी झिजेपर्यंत वापरणार आहे त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासूनची देखभाल आपल्या हातात असणं जास्त मोलाचं.

सीव्हीटी गिअरबॉक्सचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं, उदाहरण घ्या. त्यात दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा किंवा साखळी असते, आणि सगळी मदार त्या खास तेलावर. आधीच्या मालकाने ते तेल कधी बदललं, की बदललंच नाही, हे बाहेरून कळत नाही. ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. घाट उतरताना ब्रेक तापल्यावर त्याची किंमत कळते. ही कामं मी वेळेवर करतो, वहीत तारीख टाकतो. माझी मुलगी याच गाडीवर चालवायला शिकली आणि आता तीच गाडी वापरते आहे.

*

डिझेलचा विचार करणाऱ्यांसाठी. आधी स्वतःचं रोजचं येणं-जाणं बघा. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट खूप तापावा लागतो, साधारण 600 अंशांपर्यंत. शाळा, बाजार, ऑफिस असं थोडं थोडं अंतर असेल तर तो तितका तापत नाही आणि फिल्टर चोंदत जातो. माझ्या बहिणीचं रोजचं जाणं हायवेचं आहे, तिला वापरलेली डिझेल सेडान उत्तम लाभली आहे. माझं सगळं गावातल्या गावात, म्हणून मी पेट्रोल घेतली.

*

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, सेडान वापरलेली घेताना एक छोटी गोष्ट तपासा. बऱ्याच गाड्यांत मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा सीटमागे असते आणि तिला थंड ठेवायला पंखा गाडीतलीच हवा ओढतो. त्या हवेची जाळी मागच्या सीटजवळ असते. आम्ही बघितलेल्या एका गाडीत कुत्र्याच्या केसांचा थर जाळीवर बसला होता आणि वर पिशव्या ठेवलेल्या. बॅटरी अशीच तापत राहिली की तिचं आयुष्य घटतं. दुसऱ्या गाडीत जाळी स्वच्छ होती आणि सर्व्हिसच्या कागदांत बॅटरीची तपासणी नोंदलेली होती. ती घेतली आणि आम्ही घरातले सगळे तिच्यावर खूश आहोत. हायब्रिडची भीती बाळगायचं कारण नाही. 2025 च्या मॉडेलपासून अमेरिकेत टोयोटा कॅमरी फक्त हायब्रिडच मिळते.

*

बंद पडलेल्या मॉडेलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. फोर्डने 2018 मध्ये उत्तर अमेरिकेत सेडान थांबवायचं जाहीर केलं, त्यांची फ्यूजन ही सेडान 2020 मध्ये बंद झाली. अशा गाड्या वापरलेल्या बाजारात स्वस्त मिळतात आणि चांगल्याही असतात. फिल्टर, ब्रेक पॅड यांची अडचण येत नाही. हेडलाइट, बंपर, दाराची काच यांची चौकशी मात्र आधी करा. मी तीन दुकानांत फोन करून विचारलं, तिन्हीकडे मिळतंय कळल्यावरच बयाणा दिला.

*

सगळं वाचलं. रिकॉलचा, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनी गाड्या दुरुस्तीला परत बोलावते त्याचा, उल्लेख नाही म्हणून लिहिते आहे, कारण मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

तकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण अनेकांना माहीत असेल. त्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून बिघडतं, आणि एअरबॅग फुगताना धातूचं आवरण फुटून तुकडे आतल्या माणसांवर येतात. जगभर अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या यासाठी परत बोलावल्या गेल्या आणि लोकांचे जीवही गेले. त्यात 2000 नंतरच्या दीड दशकातल्या पुष्कळ सेडान आहेत. गाडी हातोहात विकली जाते, कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं आणि नव्या मालकाला काहीच कळत नाही.

गाडीचा चेसिस नंबर 17 अक्षरांचा असतो, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या खांबावर सापडतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, तेव्हा दिसतंय ते एक किंवा शून्य समजून उतरवा. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोनवर सांगितला की रिकॉल बाकी आहे का ते कळतं, आणि एअरबॅगचा भाग फुकट बदलून मिळतो. मी वापरलेली गाडी घेतली तेव्हा तिचा बाकी होता. बदलून घेतला, त्याचा कागद फाइलला लावला. ज्यांच्याकडे त्या काळातली गाडी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर नंबर तपासा, आणि रिकॉल निघाला तर कुठल्या मॉडेलचा ते इथे लिहा.